मागच्या सायकलवरून ठरणारी सहल

अमरावतीहून परतवाड्यापर्यंतचे ५० किलोमीटर सायकलस्वाराचे फार लाड करतात. वलगाव मागं पडतं, आसेगावजवळ पूर्णा ओलांडली जाते, दोन्ही अंगांना पऱ्हाटी आणि तूर, रस्ता पाटासारखा सरळ. गटातला प्रत्येकजण एकमेकांना सांगत असतो, हे तर सोपं निघालं. दुसऱ्या दिवशी परतवाड्याहून निघून धामणगाव गढी गाठली, की समोर सातपुड्याची भिंत उभी राहते आणि गप्पा थांबतात. अमरावती समुद्रसपाटीपासून साधारण ३४० मीटर उंचीवर, चिखलदरा १,११८ मीटरवर. या फरकातला बहुतेक सगळा चढ शेवटच्या वीसेक किलोमीटरमध्ये कोंबलेला आहे.

वऱ्हाडात सायकलवरून गटानं सुटी घालवायची तर अमरावती, चिखलदरा, अकोट, अकोला हा फेरा सर्वांत समृद्ध, आणि नियोजनाच्या चुका सर्वांत लवकर उघड्या पाडणाराही हाच. इथं ज्यांचा विचार केला आहे ते शर्यतवाले नव्हेत. ठरलेल्या वेळेत २०० किलोमीटर पुरे करणाऱ्या ब्रेव्हेला साडेतेरा तासांची मुदत असते. ती वेगळी जमात, तिचं गणितही वेगळं. रविवारी सकाळी छत्री तलावापर्यंत जाऊन येणारे, वाटेत गिलावडा खाणारे, वर्षातून एकदा चार मित्रमैत्रिणींसोबत लांब जावंसं वाटणारे, अशांसाठी हे लिहिणं आहे.

असा गट ठरवताना पहिला प्रश्न 'कुठं जायचं' हा नसतोच. गटात सर्वांत हळू कोण चालवतो आणि त्याला एका दिवसात किती झेपतं, तिथून सुरुवात करावी लागते. बहुतेक गट उलटं करतात. उत्साही माणूस नकाशा काढतो, स्वतःच्या वेगानं दिवस आखतो, आणि मग दुपारी एक वाजता अर्धा गट ढाब्यावर जेवून झोपलेला असतो व उरलेला अर्धा बारा किलोमीटर मागं, उन्हात, एकमेकांवर धुसफुसत.

त्यामुळं आधी आकडेमोड. हौशी माणूस सपाटीवर ताशी १५ किलोमीटरनं चालवतो असं धरलं, तर ५० किलोमीटरला साडेतीन तासही लागायला नकोत. पण गट म्हटला की पंक्चर आलं, चहा आला, फोटो आले, कुणाची तरी चेन उतरली. थांबे धरून गटाचा वेग ताशी दहा-अकराच्या वर जात नाही. म्हणजे अमरावती-परतवाडा पाच तास. घाटात हाच माणूस ताशी सहा-सातवर येतो, आणि मागचा तर उतरून सायकल हातात धरून चालतो. चालण्याचा वेग ताशी चार. परतवाड्याहून चिखलदरा तीसच किलोमीटर, तरी मागच्या माणसाचा आख्खा दिवस तिथं जातो. सायकल ढकलत वर जाण्यात कमीपणा काही नाही. फक्त तो वेळ आराखड्यात आधीच मांडून ठेवलेला असावा.

मोसमाबद्दल वाद घालण्यात अर्थ नाही. उन्हाळ्यात अकोल्याचा पारा ४५ अंश ओलांडतो. तेव्हा सायकल काढणं हा शुद्ध वेडेपणा. पावसाळ्यात चिखलदरा धुक्यात आणि धबधब्यांत देखणा दिसतो खरा, पण शनिवार-रविवारी त्या घाटात मोटारींची रीघ लागते. शिवाय सपाटीवरची काळी माती. डांबर सोडून चाक बाजूपट्टीवर गेलं, की मिनिटभरात टायर आणि मडगार्ड यांच्यामध्ये चिखलाचा गोळा बसतो आणि चाक फिरायचं थांबतं. मग काडीनं, चमच्यानं, बोटांनी तो कोरत बसायचं. ऑक्टोबर-नोव्हेंबरात चिखल वाळतो, तेव्हा शेतकरी रस्त्याच्या कडेला सोयाबीन पसरतात. त्या कुटारावरून चाक हमखास घसरतं. उरतो डिसेंबर ते फेब्रुवारीचा मध्य. त्यातही नाताळचा आठवडा टाळलेला बरा, कारण चिखलदऱ्यात खोली मिळत नाही आणि मिळाली तर भाव ऐकून खाली उतरावंसं वाटतं. त्याच सुमारास परतवाड्याजवळ बहिरमची यात्राही सुरू होते, ती जानेवारीभर चालते. हंडीतल्या मटणाची आणि रोडग्यांची आवड असेल तर मुक्काम मुद्दाम तेव्हा धरावा. गर्दीचा कंटाळा असेल तर बैतूलच्या रस्त्याकडं फिरकू नये.

हिवाळ्याची एक अडचण मात्र आहे, दिवस लहान. डिसेंबरच्या मध्यावर इथं पावणेसातच्या सुमारास उजाडतं आणि संध्याकाळी पावणेसहाच्या आत सूर्य बुडतो. हाताशी अकराच तास. त्यातले शेवटचे दोन कायम राखीव ठेवायचे, म्हणजे मुक्काम चारच्या आत गाठायचा. मेळघाटच्या बाजूला तर हा नियम मोडूच नये. १९७३-७४ मध्ये देशात पहिल्यांदा जे नऊ व्याघ्रप्रकल्प झाले, त्यांत मेळघाट होता. नवख्यांना भीती वाघाची वाटते. जंगलालगतची माणसं मात्र अस्वलाला जास्त भितात. ते वळणावर अचानक समोर येतं, आणि सायकलचा आवाज होत नसल्यानं दोघंही सारखेच दचकतात. तिन्हीसांजेला आणि भल्या पहाटे जंगलातल्या रस्त्यावर सायकल नको.

आता मार्ग. पहिला दिवस अमरावती ते परतवाडा. वलगावला थोडं थांबावं. २० डिसेंबर १९५६ रोजी गाडगेबाबांचं निधन याच गावाजवळ, पेढी नदीपाशी झालं. दुपारपर्यंत परतवाड्याला पोचलं की जोडगाव अचलपूर बघायला अर्धा दिवस उरतो. पाय शिल्लक असतील त्यांनी चौदा-पंधरा किलोमीटरवरच्या मुक्तागिरीला रिक्षानं जावं. सायकलनं नको, दुसऱ्या दिवशी घाट आहे.

दुसरा दिवस चिखलदरा. धामणगाव गढीला पोटभर नाश्ता आणि पाण्याच्या सगळ्या बाटल्या भरून घेणं, ही दोन कामं झाल्याशिवाय कुणी पुढं सरकायचं नाही. घाटात गट एकत्र ठेवायचा हट्ट सोडावा. चढावर प्रत्येकाची लय वेगळी असते, दुसऱ्याच्या लयीनं चढवलं की दोघंही दमतात. त्याऐवजी दर तीन-चार किलोमीटरवर थांबा ठरवावा आणि शेवटचा आल्याशिवाय पहिल्यानं हलू नये. शेवटचा आल्या-आल्या 'चला' म्हणायचं नाही, हेही पहिल्या रात्रीच सगळ्यांना बजावून ठेवावं. पुढचे वीस मिनिटं बसलेले असतात, मागच्याला दोन मिनिटंही मिळत नाहीत. तो दर थांब्यावर अधिक दमत जातो आणि दोष मात्र त्याच्या तब्येतीवर येतो.

या घाटात धाप लागली की एक जुनी गोष्ट आठवावी. १८०३ च्या डिसेंबरात इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीला चिखलदऱ्याजवळचा गाविलगड घ्यायचा होता. किल्ल्याच्या उत्तर अंगाला तोफा नेण्याचं काम कर्नल स्टीव्हन्सनच्या फौजेकडं आलं. ती ७ डिसेंबरला एलिचपुराहून, म्हणजे आजच्या अचलपुराहून, निघाली आणि रस्ता तयार करत, अवजड तोफा डोंगरातून ओढत १२ तारखेला मुक्कामी पोचली. पाच दिवस! १५ डिसेंबरला किल्ला पडला. त्याआधी २९ नोव्हेंबरला अकोटच्या बाजूला अडगावला लढाई झाली होती, आणि ३० डिसेंबरला सुर्जी-अंजनगावला शिंद्यांशी तह झाला. गंमत अशी, की अडगावचा अपवाद सोडला तर ही सगळी ठिकाणं या फेऱ्याच्या वाटेवरच लागतात. चढाई करणाऱ्यांनीही इथं हिवाळाच निवडला होता.

तिसरा दिवस चिखलदऱ्यात पूर्ण विश्रांतीचा. हा दिवस कापून सहल आटोपशीर करायचा मोह प्रत्येक गटाला होतो आणि तिथंच सहलीची रया जाते. गाविलगड पायी बघायचा, देवी पॉइंट आणि भीमकुंड सायकलनं गाठायचं. विदर्भात कॉफी पिकते हे ज्यांना खरं वाटत नाही, त्यांनी ती इथं झाडावर पाहावी. मोथ्याला स्ट्रॉबेरी लावतात, आमझरी 'मधाचं गाव' म्हणून ओळखलं जातं, गवळ्यांकडं खवा मिळतो. कोरकू आदिवासींच्या पाड्यांत जायचं तर तिथल्या माणसांचे फोटो विचारूनच काढावेत.

चौथ्या दिवशी उतरून पुन्हा परतवाडा. आलो त्याच रस्त्यानं उतरता येतं, किंवा घटांगवरून. ती वाट लांब, पण झाडीतली. धुकं विरल्यावरच निघावं. चढताना दम जातो, उतरताना हाडं जातात, असं घाटात सायकल चालवणारे म्हणतात ते खोटं नाही. ब्रेक सतत दाबून धरला की रिम तापते, पॅड गुळगुळीत होतात. वळणाआधी जोरात दाबून वेग उतरवायचा, वळणात सोडून द्यायचा. घाटात उतरण्याआधी प्रत्येकाच्या सायकलचे ब्रेक दुसऱ्यानं तपासावेत. आपले ब्रेक आपल्याला नेहमीच ठीक वाटतात.

पाचवा दिवस परतवाडा ते अकोट, साधारण ५५ किलोमीटर, सातपुड्याच्या पायथ्यापायथ्यानं. वाटेत अंजनगाव सुर्जीला पानमळे दिसतील. तिथली पिंपळीही नावाजलेली. सहावा दिवस ज्यांना हवा त्यांनी नरनाळ्यासाठी ठेवावा. अकोटहून वीसेक किलोमीटरवर शहानूर, तिथून वन विभागाच्या परवान्यानं किल्ल्यावर जाता येतं. सायकल गेटवर ठेवून वर परवान्याच्या गाडीनं जाणंच शहाणपणाचं. गेटची वेळ आणि साप्ताहिक सुटी आदल्या दिवशी विचारून घ्यावी. मग अकोट ते अकोला ४५ किलोमीटर.

या शेवटच्या टप्प्यात एका गोष्टीची तयारी लागते, ती नकाशा बघून कळत नाही. पूर्णेच्या दोन्ही काठांना खारपाणपट्टा आहे. अमरावती, अकोला, बुलढाणा या तिन्ही जिल्ह्यांतली शेकडो गावं त्यात येतात. इथं विहिरीचं, हापशीचं पाणी खारट लागतं. सायकलवाला दमून हापशीवर येतो, ओंजळ तोंडाला लावतो आणि थुंकतो. हापशी दिसेल तिथं पाणी भरू, हा बाकी महाराष्ट्रातला हिशोब इथं चालत नाही. माणशी निदान तीन लिटर पाणी निघतानाच सोबत हवं, पुढचं नळाचं किंवा बाटलीचं कुठं मिळेल हे ठरलेलं हवं. जोडीला एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. महागड्या पुड्यांचं काम त्यात बरंच भागतं.

याच रस्त्यावर पूर्णेकाठी गांधीग्राम आहे. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी अकोल्याचे कावडधारी इथलं पाणी भरून खांद्यावरून राजराजेश्वराच्या मंदिरात नेतात. ते अठरा-एक किलोमीटर अनवाणी चालतात. सायकलवरच्या माणसानं निदान पूल येईपर्यंत तरी कुरकुर करू नये.

अकोल्याहून अमरावतीला सायकलनंच परत यावं का? राष्ट्रीय महामार्ग ५३ गुळगुळीत आहे. जून २०२२ मध्ये याच मार्गावर लोणी ते माना या पट्ट्यात १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटर डांबरीकरण करून गिनेस विक्रम झाला होता. रस्ता इतका चांगला आहे म्हणूनच त्यावरची वाहनं कुणासाठी हळू होत नाहीत. त्या शंभरेक किलोमीटरमध्ये बघायला मागून येणाऱ्या ट्रकशिवाय फारसं काही नाही. हौशी गटानं तो टप्पा सोडून द्यावा.

टायरचा विषय वऱ्हाडात वेगळाच. रस्त्याकडेला वेडी बाभूळ आणि जमिनीसरशी सराटे. सायकल सावलीला लावायला म्हणून दहा पावलं आत न्यावी, बाहेर येताना चाकाला चार-पाच सराटे चिकटलेले असतात. ते तिथंच उपटायचा मोह होतो. उपटला की फुस्स. थांबून, आत गेलेला नसेल तरच नखानं हलकेच काढून पुढं. आत गेला असेल तर तो तसाच राहू द्यावा आणि पंक्चर काढायची सोय होईल तिथपर्यंत हवा भरत जावं. कित्येकदा काटाच भोक बुजवून धरतो. पंक्चर काढल्यावर टायरच्या आतून बोट हळूच फिरवल्याशिवाय नवी ट्यूब घालू नये. मोडलेलं टोक आत राहिलं तर दहा मिनिटांत तेच काम पुन्हा करावं लागतं.

गावोगावच्या सायकल दुकानांत साध्या काळ्या सायकलचं सगळं मिळतं. गिअरच्या सायकलची बारीक ट्यूब किंवा लांब दांड्याचा प्रेस्टा वॉल्व्ह तिथं मिळेल या भरवशावर राहू नये, त्या वॉल्व्हला दुकानातला पंपही बसत नाही. माणशी दोन ट्यूब. गटात दोन पंप, टायर काढायच्या पट्ट्या, पॅच, चेनची जोडकडी, ॲलन चाव्या आणि केबल एवढं आपलं असावं. गिअरमध्ये मागचं मोठं चक्र ३२ किंवा ३४ दात्यांचं असेल तर चिखलदरा सुसह्य होतो. सीटची उंची टाचेनं मोजावी: पेडल सर्वांत खाली असताना त्यावर टाच टेकली तर पाय सरळ व्हायला हवा. गुडघेदुखीच्या निम्म्या तक्रारी इथंच संपतात.

सरावाला सहा-सात आठवडे द्यावेत. अमरावतीकरांना पोहऱ्याच्या जंगलाकडचा चढउताराचा रस्ता जवळ आहे, अकोलेकरांना पातूरचा घाट. एकदा तरी लागोपाठ दोन दिवस, तेही सगळं सामान बांधून चालवावं. पहिल्या दिवशी कुणाचंच काही दुखत नाही. खरं काय ते दुसऱ्या सकाळी सीटवर बसताना समजतं.

माणसं किती? आठ ते दहा. बारा झाले की ढाब्यावर एका वेळी वाढलं जात नाही आणि रस्त्यावर रांग आवरत नाही. पुढं एक वाट जाणणारा, सगळ्यांत मागं एक सशक्त, शांत डोक्याचा माणूस. हा मागचा गटातला सर्वांत चांगला चालवणारा असावा, कारण वेळ आली तर त्याला परत मागं जायचं असतं. जोडीजोडीनं गप्पा मारत चालवायची हौस गावरस्त्यावर भागवावी. कापसानं फुगलेली ट्रॅक्टर-ट्रॉली मागून आली की एका ओळीत यायचं, कारण तिचा फुगवटा चाकांच्या बराच बाहेर आलेला असतो.

सोबत गाडी घ्यावी की नाही यावर अनेकदा भांडणं होतात. २४ डिसेंबर १९८५ रोजी बाबा आमट्यांची 'भारत जोडो' यात्रा कन्याकुमारीहून निघाली तेव्हा ११६ तरुण-तरुणी सायकलींवर होते, आणि पाठीच्या दुखण्यामुळं बाबा स्वतः गाडीत. त्या यात्रेनं पाच हजार किलोमीटरचा पल्ला गाठला. गाडी सोबत होती म्हणून तिला कुणी सायकलयात्रा म्हणायचं सोडलं नाही. सामान, पाणी आणि दुखऱ्या गुडघ्याचा माणूस यांच्यासाठी एक गाडी असावी. तिनं गटाच्या मागं रेंगाळू नये, पुढच्या थांब्यावर जाऊन उभं राहावं. तब्येत खरंच बिघडली तर १०८ ला फोन. पण घाटात आणि जंगलाच्या बाजूला फोनला सगळीकडं रेंज नसते, म्हणून मुक्कामाचा पत्ता आणि पोचायची वेळ घरी लिहून द्यावी.

पैशांचा हिशोब एकाच्याच हातात, सुरुवातीला सारखी वर्गणी, रोज रात्री जमाखर्च सगळ्यांसमोर. घोरणाऱ्यांची खोली वेगळी. हा विनोद वाटला तरी तिसऱ्या रात्री वाटत नाही. गटात बायका असतील तर स्वच्छतागृहाचे थांबे, म्हणजे पेट्रोल पंप, बसस्थानकं, मोठी हॉटेलं, मार्ग आखतानाच नोंदवावेत. पुरुषांच्या आराखड्यात हे नेमकं सुटतं आणि मग बायका दिवसभर पाणी प्यायचं टाळतात.

रस्त्यात टपरीवर एक प्रश्न ठरलेला असतो: "काहून बाप्पा, पेट्रोल लय महाग झालं का?" त्याला हसून उत्तर द्यावं. पुढचा रस्ता खोदलेला आहे का, हे त्याच माणसाला सर्वांत आधी ठाऊक असतं.

बाहेरगावहून येणाऱ्यांसाठी शेवटची बाब, रेल्वेची. सायकल पार्सल कार्यालयात नोंदवून सामानाच्या डब्यातून येते. मुंबईहून येणारी अमरावती एक्सप्रेस अमरावतीलाच संपते, त्यामुळं सायकली सावकाश उतरवता येतात. परतीला अकोला जंक्शनवर मात्र गाड्या जाता जाता काही मिनिटं टेकतात. सायकली फलाटावर सामानाच्या डब्याच्या जागी आधीच लावलेल्या हव्यात, पेडल काढलेले, हँडल फिरवून बांधलेलं, नाव आणि नंबर जाड पुठ्ठ्यावर लिहून सुतळीनं फ्रेमला दोन ठिकाणी बांधलेला. गाडीत जागा झाली नाही तर सायकल मागच्या गाडीनं येऊ शकते. म्हणून घरी जायला लागणारी किल्ली सायकलच्या पिशवीत ठेवू नये.